हायस्कुलांची भाऊबंदकी

भटशाहीनें रयतेच्या पोरांस विद्येपासून किती पिढ्या दूर ठेवलें, हें ह्या पत्राच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु आज ज्या गोष्टीचा जाब विचारावयाचा आहे ती कोणा भटानें केलेली नाहीं. ती आपल्याच फेट्यावाल्यांनीं केली आहे, म्हणून ती अधिक झोंबते.

आमच्या तालुक्याच्या गांवीं दोन हायस्कुलें आहेत. दोन्ही आपल्याच लोकांचीं. एक टेकडीच्या अंगाला, त्यास लोक वरचें म्हणतात. दुसरें ओढ्याकांठीं, तें खालचें. वरचें उभें राहिलें तें गांवच्या गाड्यांनीं दगड-वाळू वाहून. ज्याच्याजवळ पैसा नव्हता त्यानें मूठमूठ ज्वारी दिली. सुतारांनीं दारें-खिडक्या मजुरी न घेतां बसविल्या. पुढें संस्थेची निवडणूक आली. एका भावकीला चेअरमनची खुर्ची मिळाली, दुसरीला मिळाली नाहीं. जिला मिळाली नाहीं तिनें ओढ्याकांठीं पत्र्याची शेड टाकली व तिला एका थोर पुरुषाचें नांव दिलें. वरच्या शाळेलाहि थोर पुरुषाचेंच नांव आहे! तालुक्याच्या कबड्डीच्या सामन्यांत ह्या दोन थोर पुरुषांच्या नांवानें घोषणा देत पोरांनीं दगड उचलले. डोकें फुटलें तें एका ऊसतोड्याच्या मुलाचें. दोन्ही चेअरमनांचीं नातवंडें त्या दिवशीं सुखरूप होतीं, कारण तीं जिल्ह्याच्या गांवीं एकाच इंग्रजी शाळेंत एकाच पिवळ्या गाडींतून जातात.

मी खेड्यांतला प्राथमिक शिक्षक. चौथीचा वर्ग माझ्याकडे. एप्रिल लागला कीं दोन्हीकडचे मास्तर मोटारसायकलींवर आमच्या शाळेंत येतात व पास होणाऱ्या पोरांची यादी मागतात. मग घरोघर फिरतात. एक दप्तर देऊं करतो, दुसरा दप्तरावर गणवेश. आठवीच्या पोराला सायकल सुद्धां दाखवितात. बैलबाजारांत दलाल उपरण्याखालीं बोटें धरून भाव करतात, तसलाच हा प्रकार. बैलाला निदान दांत तरी पाहून घेतात!

ह्या मास्तरांवर मी सरसकट रागावत नाहीं. पटावरून शिक्षकांचीं पदें ठरतात. तुकडी मोडली कीं एखादा अतिरिक्त ठरतो व जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला फेंकला जातो. घराचें कर्ज, म्हातारे आईबाप, सगळें त्याच्या मागें आहे. त्याच्या ह्या भयाचा लगाम चेअरमनच्या हातांत असतो. पण तोच मास्तर जूनमध्यें वर्गांत उभा राहून 'खालच्या शाळेंतलीं पोरें म्हणजे चोर' असें सांगतो, तेव्हां त्याच्या पोटाची सबब मी ऐकून घेणार नाहीं.

आतां निकालाची गोष्ट. एस. टी. स्टँडवर दोन्ही शाळांचे शंभर टक्के निकालाचे फ्लेक्स समोरासमोर लागतात. हे शंभर कसे होतात तें ऐका. नववींत जो पोर गणितांत कच्चा दिसेल त्याच्या बापाला बोलावून सांगतात, 'हा शाळेचें नांव घालवील, तुम्ही १७ नंबरचा फॉर्म भरा.' म्हणजे दहावीला बाहेरून बसा. बाप मुकाट्यानें सही करतो. मग तो पोर नापास झाला तर शाळेचा नव्हे, आणि पास झाला तर त्याला विचारतो कोण! असा पोर बहुधा वडाराचा, मेंढपाळाचा, न्हाव्याचा निघतो; घरीं अभ्यास घेणारें कोणी नाहीं, कमिटींत बोलणारें कोणी नाहीं. दोन्ही कमिट्यांत मिळून एकहि कुंभार किंवा सुतार नाहीं. बाई तर नाहींच. पूर्वीं ह्यांच्या आजाला पंतोजी ओसरीखालीं बसवीत; आज नातवाला यादींतून काढतात.

माझ्या हातून चौथी होऊन गेलेली एक कुंभाराची मुलगी वरच्या शाळेंत नववीपर्यंत पोंचली. सायंकाळीं टेकडी उतरेपर्यंत तिची एस. टी. जाई व अंधारांत चालत यावें लागे, म्हणून आईनें तिला खालच्या शाळेंत घालण्याचें ठरविलें. दाखला मागितला. हेडमास्तर म्हणाले, चेअरमनसाहेबांना भेटा. चेअरमन म्हणाले, 'निवडणुकींत तुमचा माणूस त्यांच्या ट्रॅक्टरवर बसला होता ना? मग दाखला त्यांच्याकडेच मागा.' त्या माउलीबरोबर मी तीन खेपा घातल्या. दाखला हातीं आला तेव्हां ऑगस्ट संपत आला होता आणि खालच्या शाळेनें सांगितलें, तुकडी भरली. मुलगी आतां घरीं माती तुडविते व १७ नंबरच्या फॉर्मची वाट पाहते.

२००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याचें कलम ५ स्पष्ट आहे. दुसऱ्या शाळेंत जाणाऱ्या मुलास हेडमास्तरानें दाखला ताबडतोब द्यावयाचा. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनें प्रवेश अडवावयाचा नाहीं. उशीर लावणाऱ्या हेडमास्तरावर शिस्तीची कारवाई. पण हा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या, आठवीपर्यंतच्या मुलांचा. नववी-दहावीला त्याचा हात पोंचत नाहीं, आणि आमचे शिक्षणमहर्षी नेमके तेथेंच गळा धरतात.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें हाच हिशेब मांडला होता, कीं पैसा रयतेचा आणि विद्या वरच्यांची. आज दोन्ही शाळांतल्या मास्तरांचे पगार सरकारच्या अनुदानांतून निघतात, म्हणजे तुमच्याआमच्या कराच्या पैशांतून. चेअरमनच्या खिशांतून खडू सुद्धां येत नाहीं. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत १९०१ पासून निरनिराळ्या जातींसाठीं बोर्डिंगें काढविलीं. तीं पोरांच्या राहण्याजेवण्याची सोय व्हावी म्हणून, एकानें दुसऱ्याचीं पोरें पळवावीं म्हणून नव्हेत. कर्मवीर भाऊरावांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व पुढें साताऱ्याच्या बोर्डिंगांत सर्व जातींचीं पोरें एका पंगतीला बसविलीं. लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने त्या पोरांच्या पोटाला घातले. ह्यांचे फोटो दोन्ही हेडमास्तरांच्या डोक्यावर टांगलेले आहेत.

पुण्याच्या मंडळींचे दोष आपण काढतों, ते काढावे तितके थोडेच. पण १८९० सालीं टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडले, आगरकरांशीं त्यांचें वैर कडाक्याचें होतें, तरी न्यू इंग्लिश स्कूल चालूच राहिलें, फर्ग्युसन कॉलेजहि चालूच राहिलें. आपण मात्र एकमेकांची तुकडी मोडली कीं पेढे वांटतों!

चढाओढीनें शाळा सुधारतात, असें कोणी म्हणेल. मग प्रयोगशाळेची चढाओढ करा. मुलींच्या संडासाला दार बसविण्याची करा. कच्च्या पोराला दहावी पास करून दाखवा व त्याचा फ्लेक्स लावा. तो वाचायला मी स्वतः स्टँडवर येईन.

येत्या एप्रिलांत चौथीची यादी मी कोणाच्याच हातीं देणार नाहीं. आयाबापांनीं दोन्ही आवारांत स्वतः जाऊन यावें, वर्ग पाहावे, संडास पाहावे आणि हेडमास्तरांस विचारावें, कीं गेल्या वर्षीं नववींत किती पोरें होतीं व त्यांतलीं किती आपल्या शाळेंतून दहावीला बसलीं. आंकडा सांगत नसतील तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. अर्ज मी लिहून देईन. शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर मी वर्गांतच असतों.