हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

गेल्या माघात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय ७६, मधुमेह जुना, रक्तदाब गोळीने आटोक्यात, उजवा गुडघा कुरकुरणारा. तपासणी झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "डॉक्टर, एकदा कुलदैवताला जाऊन येऊ का?" कुलदैवत म्हणजे हरिहरेश्वरचा काळभैरव. 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून निघावा, अशी शेजारी बसलेल्या सूनबाईंची अपेक्षा स्पष्ट दिसत होती.

तो शब्द बारा वर्षांपूर्वी मी या गृहस्थांच्या पत्नीला ऐकवला होता. त्या गेल्या नाहीत आणि पुढच्या वर्षी त्या राहिल्याही नाहीत. तो प्रवास त्यांना झेपला असता, असे आज वाटते. त्या वेळी मी विचारच केला नव्हता. नकार देणे सोपे होते.

म्हणून या खेपेस वहीत आधी जागेचा नकाशा काढला. सावित्री नदी सागराला मिळते तेथे, काळ्या पाषाणाच्या टेकडीच्या पायथ्याशी हे क्षेत्र आहे. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकणभूमी वर आली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. येथील खडक पाहिले की समुद्राने ती भूमी मनापासून सोडलेली नाही, असे वाटते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने पाषाणाला मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पाडली आहेत. पेशव्यांचेही हेच कुलदैवत. १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ जवळच्याच श्रीवर्धनचे. आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, पुन्हा काळभैरवाचे, असा येथला परिपाठ आहे.

देवळापर्यंत जाण्यास माझी हरकत नव्हती. प्रश्न प्रदक्षिणेचा होता. देवळामागून चढण, मग दोन कड्यांमधल्या चिरेतून उतरणाऱ्या उभ्या पायऱ्या आणि खाली थेट समुद्रालगतचे ओले खडक. भरतीच्या वेळी ही वाट पाण्याखाली जाते. धडधाकट माणसेही येथे लाटेबरोबर ओढली गेली आहेत. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी नऊला. हा अंदाज झाला. शेवटचा शब्द तेथल्या गावकऱ्यांचा.

त्याहून मोठी चिंता तळपायांची होती. मधुमेहात पायांची संवेदना बधिर होते, आणि श्रद्धेपोटी माणूस अनवाणी चालतो. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. तापलेला कातळ तर वेदना न होताच फोड आणतो. गाभाऱ्याबाहेर पायांत मऊ, पकड असलेली पादत्राणे हवीत, आणि मुक्कामी परतल्यावर तळवे दुसऱ्याने पाहावेत. स्वतःचे तळवे ७६व्या वर्षी कुणाला नीट दिसतात?

प्रवासाबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या. ताम्हिणी घाटातल्या वळणांसाठी उलटीची गोळी घरातल्या पेटीतून उचलून देऊ नये. वृद्धांना तिने गुंगी येते, प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडू शकते. आणि रक्तदाबाच्या गोळीने लघवीला वारंवार जावे लागते म्हणून ती परस्पर टाळू नये, वेळ बदलता येते का ते आधी विचारावे. दर दीड तासाला गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे, हे सूनबाईंनी स्वतःच लिहून घेतले.

ते गेले, चतुर्थी पाहूनच. गुरुजी पायऱ्यांच्या माथ्यावर सावलीत बसले. खाली उतरायचे नाही, एवढे माझे त्यांनी ऐकले. सूनबाई आणि नातू प्रदक्षिणा करून आले. परतल्यानंतर दवाखान्यात त्यांनी मोजे काढून दोन्ही तळवे टेबलावर ठेवले, शाळेतल्या मुलाने वही तपासायला द्यावी तसे. एकही ओरखडा नव्हता. मग म्हणाले, "वरून तिच्या नावाने हात जोडले. तुमच्याही नावाने एक नारळ ठेवला."