हक्काला घातलेलं कुलूप

सोळा वर्षांच्या मुलाच्या करारात १०० कोटी युरोंचा आकडा घालणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे, की हा आकडा आणलात कुठून? ऑक्टोबर २०२३मध्ये बार्सिलोनाने लमीन यमालशी पहिला व्यावसायिक करार केला तेव्हा तो सोळाचा होता. अठरा पूर्ण न झालेल्या खेळाडूला तीन वर्षांहून अधिक काळ बांधून ठेवणं फिफाच्या नियमांत बसत नाही, म्हणून करार २०२६पर्यंतचा झाला. मुदतीला नियमाने लगाम घातला, तेव्हा क्लबने रक्कम मोकाट सोडली. मुदतीआधी निघून जायचं असेल तर १०० कोटी युरो मोज आणि जा! फुटबॉलच्या आजवरच्या इतिहासात कुठल्याही खेळाडूसाठी याच्या पाव हिस्साही कुणी मोजलेला नाही. त्या पोराच्या खेळाशी, त्याच्या पगाराशी, तो गेल्याने होणाऱ्या नुकसानीशी या आकड्याचा काडीचाही संबंध नाही. ही करारावर सही करून दिलेली धमकी आहे. आणि क्रीडा पानं लिहिणारी मंडळी तिच्याकडे मानाचा तुरा म्हणून बघतात, याचा मला मनस्वी संताप येतो.

रिलीज क्लॉज, म्हणजे ठरलेली रक्कम भरून करारातून सुटण्याची तरतूद, स्पेनमध्ये मुळात खेळाडूची होती. क्लबांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. याला मी चोरी म्हणतो, आणि शब्द तोलून म्हणतो.

सत्तरच्या दशकापर्यंत स्पेनमध्ये कराराची मुदत संपली तरी खेळाडू मोकळा होत नसे. क्लबने पगारात थोडी वाढ द्यायची आणि त्याला ठेवून घ्यायचं. त्याची संमती विचारण्याचं कारण नव्हतं. या वेठबिगारीविरुद्ध खेळाडू उभे राहिले. जानेवारी १९७८मध्ये त्यांनी आपली संघटना काढली, किनो तिचा पहिला अध्यक्ष झाला, आणि मार्च १९७९मध्ये स्पॅनिश फुटबॉलमधला पहिला संप झाला. क्लबांचा तो अधिकार गेला. पुढे २६ जून १९८५ रोजी १००६ क्रमांकाचा शाही आदेश निघाला. व्यावसायिक खेळाडू हा कामगार आहे आणि कामगाराला नोकरी सोडता येते, ही त्याच्या सोळाव्या कलमामागची साधी भूमिका. क्लबची चूक नसताना खेळाडूने मध्येच करार मोडला तर क्लबला भरपाई मिळेल. रक्कम दोघांनी आधी ठरवलेली असेल तर ती. नसेल तर कामगार न्यायालय ठरवेल, आणि ठरवताना खेळातली परिस्थिती, क्लबचं झालेलं नुकसान आणि सोडून जाण्याची कारणं बघेल.

कलम वाचलं की हेतू स्वच्छ दिसतो. माणसाला जाता आलं पाहिजे आणि मागे राहणाऱ्याचं खरं नुकसान भरून निघालं पाहिजे. पण ‘दोघांनी ठरवलेली रक्कम’ एवढ्या जागेत क्लबांनी हात घातला. तिथे वाटेल तो आकडा लिहायचा आणि खेळाडूने सही केली म्हणजे त्याने तो मान्य केला असं म्हणायचं. पंधराव्या वर्षापासून ज्या अकादमीत राहिला, जिथे खोली, शाळा, जेवण सगळं क्लबचं, तिथे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला मुलगा कसली घासाघीस करणार? सही नाही केली तर पहिल्या संघाचं दार बंद.

शिवाय रक्कम भरायची कुणी, तर कायद्यानुसार खेळाडूने. नवा क्लब त्याला पैसे देणार, आणि तो ते ला लीगाच्या कार्यालयात जमा करून मोकळा होणार. वर्षानुवर्षं यात करखात्याची भीती होती. नव्या क्लबने दिलेला पैसा खेळाडूचं उत्पन्न धरला, तर त्यावर कर लागून व्यवहार आवाक्याबाहेर जायचा. २०१६मध्ये स्पॅनिश करखात्याने हा पैसा खेळाडूचं उत्पन्न मानायचा नाही असा अर्थ लावला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात नेमार बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला.

नेमारची गोष्ट सांगताना लोक पॅरिसच्या क्लबमागच्या कतारच्या पैशावर घसरतात. त्या पैशाबद्दल मलाही प्रेम नाही. पण २२ कोटी २० लाख युरो हा आकडा पॅरिसने ठरवलेला नव्हता. ऑक्टोबर २०१६च्या करारात तो बार्सिलोनानेच लिहून घेतला होता. पहिल्या वर्षी २० कोटी, दुसऱ्या वर्षी २२ कोटी २० लाख, त्यानंतर २५ कोटी. एवढे कुणी देणार नाही, या खात्रीवर सगळी मांडणी उभी होती. ३ ऑगस्ट २०१७ रोजी नेमारचे वकील रक्कम घेऊन ला लीगाच्या दारात गेले, तेव्हा लीगने ती घ्यायलाच नकार दिला. आर्थिक शिस्तीच्या नियमांचं कारण पुढे केलं. ज्या देशात कायद्याने खेळाडूला पैसे भरून जाण्याचा हक्क दिला, तिथली लीग तो हक्क बजावणाऱ्याला दारातून परत पाठवते! शेवटी त्याच दिवशी वकिलांनी पैसे थेट बार्सिलोनाच्या कार्यालयात नेऊन भरले. मग क्लबच्या समर्थकांनी ‘लूट’ म्हणून गळा काढला. स्वतः मागितलेली किंमत पैन् पै हातात पडल्यावर लूट कसली?

यातून क्लब एकच गोष्ट शिकले, की आकडा पुन्हा कधी कुणाला पेलता कामा नये. त्याच महिन्यात आलेल्या डेम्बेलेच्या करारात ४० कोटी, नोव्हेंबरमध्ये मेस्सीच्या करारात ७० कोटी, आणि २०२१च्या ऑक्टोबरात पेद्री व अन्सू फाती या कोवळ्या पोरांच्या करारांत १०० कोटी. यातला फाती मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा बहर हिरावून नेला. १०० कोटींचा म्हणून मिरवलेला हा खेळाडू बार्सिलोनाने २०२३मध्ये ब्रायटनला आणि २०२५मध्ये मोनाकोला उसना दिला. म्हणजे क्लबला नको झाला की तो सहज बाहेर पाठवता येतो. त्याने स्वतः म्हटलं असतं की मला जायचंय, तर १०० कोटी. एकाच कराराला दोन दारं, त्यातलं क्लबचं सताड उघडं.

या आकड्यांत न्यायाची बाजू किती पोकळ आहे हे स्पेनच्याच न्यायालयाने दाखवून दिलं आहे. २००५मध्ये इबान सुबियाउरे हा तरुण बचावपटू रेआल सोसिएदाद सोडून अ‍ॅथलेटिक बिल्बाओत गेला. त्याच्या करारात ३ कोटी युरो लिहिलेले होते. सोसिएदादने ते मागितले. न्यायालयाने रक्कम ५० लाखांवर आणली. लिहिलेल्याच्या एक-षष्ठांश! कोवळ्या खेळाडूच्या करारातला आकडा प्रत्यक्ष नुकसानीच्या कितीतरी पट फुगवलेला असतो, हे कायद्याच्या पुस्तकात नोंदलं गेलं. मग बाकीचे न्यायालयात का जात नाहीत? कारण सुबियाउरेच्या उमेदीचा मोसम वादातच गेला. फुटबॉलपटूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची, आणि खटला तारखांवर चालतो. शिवाय खेळाडूने भरलं नाही तर नव्या क्लबवर जबाबदारी येते, त्यामुळे निकाल लागेपर्यंत कुणी त्याला हात लावत नाही. हक्क कागदावर शाबूत, आणि तो वापरायला निघालेला माणूस घरी बसलेला.

मेस्सीलाही यातून सुटता आलं नाही, इथेच विषय संपायला हवा होता. त्याच्या करारात मोसम संपल्यावर विनामोबदला जाण्याची मुभा होती. क्लबच्या म्हणण्याप्रमाणे ती १० जूनपर्यंत कळवली तरच. २०२०मध्ये कोरोनामुळे मोसम ऑगस्टपर्यंत लांबला. मेस्सीने २५ ऑगस्टला नोंदणीकृत पत्र पाठवलं. ३० ऑगस्टला लीगने जाहीर केलं, की ७० कोटी भरल्याशिवाय सुटका नाही. ज्या लीगने नेमारचे पैसे घ्यायला नकार दिला होता, तीच आता पैसे भरल्याशिवाय सोडणार नाही म्हणत होती. क्लबला जे सोयीचं ते दोन्ही वेळा नियम ठरलं. ज्या क्लबवर प्रेम केलं त्याला न्यायालयात खेचायचं नाही म्हणून मेस्सी थांबला. पुढच्या वर्षी त्याच क्लबला त्याची नोंदणी करणं जमलं नाही आणि तो रडत बाहेर पडला.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तालमींचे सामने बघत मोठा झालो. आपल्या पेठेचा खेळाडू दुसऱ्या तालमीची जर्सी घालून उतरला की पोटात कसं कालवतं हे मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच बार्सिलोना सोडून गेलेल्या लुईस फिगोवर त्यांच्या मैदानाने, कॅम्प नोउने, धरलेला राग मला कळतो. २००० साली रेआल माद्रिदच्या निवडणुकीत उभ्या राहिलेल्या फ्लोरेंतिनो पेरेझने त्याला आणण्याचं वचन दिलं, जिंकला, आणि १००० कोटी पेसेटा, म्हणजे सुमारे ६ कोटी युरो भरून त्याला नेलं. २००२मध्ये त्याच मैदानावर कॉर्नर घ्यायला गेलेल्या फिगोच्या दिशेने डुकराचं मुंडकं भिरकावलं गेलं. राग कळतो, पण तो चुकीच्या माणसावर निघाला. फिगोने करारातली अट पाळली. तो आकडा बार्सिलोनाच्या संचालकांनी मान्य केला होता आणि तेवढा पैसा त्यांच्या तिजोरीत आला. पुढाऱ्यांनी हात झटकले, शिव्या खेळाडूने खाल्ल्या. पंचवीस वर्षं हेच चालू आहे, आणि आपण प्रेक्षक त्याला साथ देतो.

माझ्याविरुद्धचा सगळ्यांत जड युक्तिवाद अ‍ॅथलेटिक बिल्बाओचा आहे, तो टाळणं अप्रामाणिकपणा होईल. हा क्लब बास्क भूमीत जन्मलेल्या किंवा तिथे घडलेल्या खेळाडूंनाच घेतो. श्रीमंत क्लबने त्यांचा खेळाडू उचलला तर जगाच्या बाजारात त्यांना दुसरा सापडत नाही. क्लॉज हीच त्यांची तटबंदी. मला या क्लबबद्दल आदर आहे. पण २०१२मध्ये हावी मार्टिनेझचे ४ कोटी, २०१८मध्ये लापोर्तचे साडेसहा कोटी आणि केपाचे ८ कोटी त्यांनी याच कलमाखाली घेतले. आणि लापोर्त गेला त्याच जानेवारीत शेजारच्या रेआल सोसिएदादला ३ कोटी २० लाख भरून इनिगो मार्टिनेझला उचललं, तेही याच कलमाखाली. स्वतःचा गेला तर दरोडा आणि शेजाऱ्याचा आणला तर कायदेशीर व्यवहार, अशी दोन मापं आदरणीय क्लबलाही शोभत नाहीत. जुलै २०२५मध्ये त्यांनी निको विल्यम्सशी २०३५पर्यंतचा करार केला आणि करारमुक्तीची रक्कम निम्म्याहून अधिक वाढवली. तो स्वखुशीने राहिला, आनंद आहे. स्वखुशीने राहणाऱ्याला आणखी उंच भिंत कशाला हवी, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

इंग्लंडमध्ये असा कायदाच नाही, तिथे क्लॉज म्हणजे दोघांतला करार. २०१३मध्ये आर्सेनलने लुईस सुआरेझसाठी ४ कोटी पौंड आणि वर एक पौंड देऊ केला, कारण करारात ४ कोटींची अट होती. लिव्हरपूलने दार उघडलं नाही. मालक जॉन हेन्री यांनी पुढच्या वर्षी एका परिषदेत जाहीरपणे कबूल केलं, की अट होती आणि आम्ही ती मानली नाही. खेळाडूने अट मोडली असती तर निलंबन, दंड, बदनामी. मालकाने मोडली तर परिषदेतला किस्सा.

आपल्याकडे वेगळं काही नाही. २०२४मध्ये अन्वर अलीने मोहन बागानशी असलेला करार मोडून ईस्ट बंगाल गाठलं. दिल्ली एफसीने त्याला बागानकडे चार वर्षांसाठी उसना दिलेला होता. चार वर्षं उसना! भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने चार महिने बंदी घातली आणि त्याच्यासह दिल्ली एफसी व ईस्ट बंगालवर मिळून १२ कोटी ९० लाख रुपयांची भरपाई लादली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि नव्याने सुनावणी करायची ठरली. अन्वरने योग्य केलं की नाही यावर वाद घाला. पण ज्या व्यवस्थेत माणूस चार वर्षांसाठी उसना देता येतो, तिने त्याला कराराचं पावित्र्य शिकवू नये.

युरोपात निदान दार किलकिलं झालं आहे. लासाना दियाराचा लोकोमोटिव्ह मॉस्कोशी असलेला करार २०१४मध्ये तुटला, त्याच्यावर एक कोटी युरोंहून अधिक भरपाई बसली, आणि ती आपल्या गळ्यात पडेल या भीतीने बेल्जियमच्या शार्लरुआ क्लबने त्याला घेणं टाळलं. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की नव्या क्लबवरही भरपाईचा बोजा टाकणारे फिफाचे हे नियम कामगाराच्या मुक्त संचाराला आणि स्पर्धेला बाधा आणतात. निकाल यायला दहा वर्षं लागली. तोवर दियारा निवृत्त झाला होता.

छोटे क्लब बुडतील, ही क्लबांची ओरड मी नेहमी ऐकतो. खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना मोबदला मिळावा यासाठी फिफाचे नियम आहेत. ट्रान्सफरच्या रकमेतला ५ टक्के हिस्सा बारा ते तेवीस या वयात त्याला शिकवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचा असतो. तो वाढवा, दहा करा, माझा पाठिंबा. पण १०० कोटींच्या आकड्याने कुठल्याही छोट्या क्लबला छदामही मिळत नाही, कारण तो आकडा कधी भरलाच जाऊ नये म्हणून लिहिलेला असतो.

स्पेनच्या सोळाव्या कलमात दोन ओळी वाढवल्या तरी पुरे. करारमुक्तीची रक्कम खेळाडूच्या वार्षिक पगाराच्या ठरावीक पटीपुढे जाता कामा नये, म्हणजे ज्याला बांधायचंय त्याला क्लबने तसा पगारही द्यावा. आणि रकमेवर वाद झाला तर कामगार न्यायालयाने ट्रान्सफरची खिडकी बंद व्हायच्या आत निकाल द्यावा. तोवर खेळाडूला नव्या क्लबकडून खेळता यावं.