सीमेपलीकडे गेलेली बस

या सदराच्या वाचकांची विम्याविषयीची पत्रे येतात, ती बहुधा स्वतःच्या गाडीसंबंधी असतात. दुसऱ्याच्या गाडीचा विमा पाहण्याची आपल्याकडे रीत नाही. भाड्याच्या बसमध्ये चढताना आपण खिडकीची जागा पाहतो, चालकाची झोप झाली आहे ना, हेही विचारतो; पण "विमापत्र दाखवा" असे म्हणणे भांडखोरपणाचे वाटते. नेपाळच्या यात्रेला निघणाऱ्यांनी तरी हा संकोच सोडावा, अशी माझी विनंती आहे.

पशुपतिनाथ, मुक्तिनाथाला जाणारी आपल्याकडची पुष्कळ मंडळी आगगाडीने गोरखपूर गाठतात. तेथे यात्रेच्या हंगामात बस भाड्याने ठरते आणि सोनौलीचा नाका ओलांडून नेपाळात शिरते. नाक्यापर्यंत ती घरची गाडी. पलीकडे पाऊल टाकताच ती परदेशी नोंदणीची, धंद्यासाठी आलेली पाहुणी. प्रवाशांना हा फरक जाणवत नाही. चालक तोच, आसने तीच, भजनेही तीच. विमापत्राला मात्र तो जाणवतो.

२३ ऑगस्ट २०२४ रोजी, ऐन श्रावणात, पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली अशीच एक बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली. बसची नोंदणी उत्तर प्रदेशातली. यात्रेकरू आपल्या जळगाव जिल्ह्याकडचे. २७ जण दगावले. त्या बसच्या कागदपत्रांची चर्चा मी येथे करीत नाही. पण अशा घरांपुढे दुःखाच्या मागोमाग भरपाईचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे पुष्कळसे उत्तर बस निघण्यापूर्वीच कागदावर लिहिलेले असते.

आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने रस्त्यावरच्या गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे. परंतु कायदा आपला, तशी त्याची हद्दही आपलीच. नेहमीच्या विमापत्रात 'भौगोलिक क्षेत्र' म्हणून भारत लिहिलेला असतो. नेपाळातल्या अपघाताला ते लागू व्हावे, तर क्षेत्र वाढवल्याची पुरवणी जोडून घ्यावी लागते. २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकात ही सोय बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या देशांपुरती दिली होती. जादा हप्ता किती? संपूर्ण विम्याला ५०० रुपये, नुसत्या थर्ड पार्टीला १००; गाडी लहान असो वा मोठी. लाखांच्या बसच्या मानाने ही रक्कम चहापाण्याची म्हणावी अशी. तरी न मागता ती पुरवणी कोणी चिकटवून देत नाही.

युरोपात १ जानेवारी १९५३ पासून 'ग्रीन कार्ड' पद्धत सुरू झाली. एका देशाच्या विम्याची दुसऱ्या देशात ओळख पटवणारा तो कागद. भारत आणि नेपाळ त्या पद्धतीत नाहीत. म्हणून आपल्याला पुरवणी पाहावी लागते.

आमच्या शेजारच्या वहिनींनी इमारतीतल्या अठ्ठावीस जणांची यात्रा ठरवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, विमा आहे असं बसवाल्यांनी सांगितलंय."

"वहिनी, कुठला, कधीपर्यंतचा आणि कशासाठीचा, तेवढं विचारा," मी म्हणालो.

"म्हणजे विमा आहे म्हटलं की झालं नाही?"

"नाही. 'स्वयंपाक झालाय' म्हटल्यावर किती पानांचा, हे तुम्ही विचारताच ना?"

त्या हसल्या आणि कागद घेऊन बसल्या. आम्ही जे पाहिले, ते प्रत्येकाने पाहावे. पहिले, पुरवणीत नेपाळचे नाव आहे काय? दुसरे, तारखा. पुरवणीला पहिला व शेवटचा दिवस असतो. नारायणगढ–मुग्लिन रस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळून वाट बंद पडते. शेवटची तारीख परतीच्या दिवसाला चिकटून असेल, तर अडकलेली बस विम्याविना उभी राहील. चार-सहा दिवस पुढचे घ्यावेत. शिवाय नेपाळी कागदांवर विक्रम संवताच्या तारखा असतात आणि त्यांचे वर्ष वैशाखात बदलते; म्हणून भन्सार, म्हणजे तिकडच्या जकातीच्या कागदाची मुदत आपल्या तारखांशी ताडून पाहावी. तिसरे, उपयोग. खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याने माणसे नेणे बसत नाही. ओळखीच्याची मोठी गाडी स्वस्तात मिळाली, तरी भाडे दिले की ती धंद्याची झाली. चौथे, प्रवाशांची संख्या आणि चालकाचा परवाना. नेपाळचा कायदाही थर्ड पार्टी विमा मागतो. त्याची पूर्तता कशी केली, हेही बसमालकालाच विचारावे.

वहिनींच्या बसच्या कागदात नेपाळचे नाव नव्हते. मालकाने कुरकुर न करता दोन दिवसांत पुरवणी आणली. त्याला कोणी आजवर विचारलेच नव्हते, इतकेच.

एक गोष्ट शेवटी सांगतो. या कागदांची एक प्रत घरी ठेवून जा. वेळ आलीच, तर तो कागद बसमधल्यांना नव्हे, घरी राहिलेल्यांना लागतो.