खोली घ्यायची ती दुपारसाठी

मे संपता संपता अटलांटातल्या शाळांना सुट्टी लागते. त्याच सुमारास अनेक घरांत भारतातून आजी-आजोबा आलेले असतात आणि गाडी काढली तर सात तासांत ओरलँडो येतं. त्यामुळे आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हा प्रश्न हमखास निघतो: डिस्नेला जाताना हॉटेल डिस्नेचंच घ्यायचं की बाहेरचं? उत्तरही ठरलेलं असतं. "बाहेरचंच घ्या. दिवसभर पार्कातच असणार, खोली लागते ती रात्री पाठ टेकायला. त्यासाठी कशाला एवढे पैसे?"

मला हे उत्तर मान्य नाही. बरोबर लहान मूल किंवा सत्तरीला आलेलं माणूस असेल, तर हा सल्ला कुणी कुणाला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कारण डिस्नेतली खोली मुळी रात्रीसाठी घ्यायचीच नसते. ती दुपारसाठी घ्यायची असते.

जुलैतली डिस्नेच्या मॅजिक किंग्डम पार्कमधली दुपार आठवा. पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर आणि दमटपणा असा की जन्म मुंबईत काढलेली आजीसुद्धा पदराने वारा घेत बसते. दोन-तीनच्या सुमारास आभाळ भरून येतं, विजा चमकायला लागतात, उघड्यावरच्या राइड्स बंद होतात आणि सगळी गर्दी मिळेल त्या छपराखाली शिरते. सकाळी आठपासून पायावर असलेलं पोर स्ट्रोलरमध्ये किरकिर करत असतं, आजोबांचे गुडघे कुरकुरत असतात. या वेळी दोन तास गार खोलीत आडवं व्हायला मिळालं, तर संध्याकाळ आणि रात्रीची आतषबाजी सगळ्यांच्या वाट्याला येते.

बाहेर उतरलेल्यांना हे जमतं का ते पाहा. आधी मेन स्ट्रीटवरून गर्दीतून दारापर्यंत चालायचं. दाराबाहेर गाडी नसते, कारण मॅजिक किंग्डमचं पार्किंग तळ्याच्या पलीकडे, ट्रान्सपोर्टेशन अँड टिकिट सेंटरला आहे. तिथे जायला मोनोरेल नाहीतर फेरीबोट. पलीकडे पोचलं की ट्रॅम, मग त्या अफाट वाहनतळावर आपली गाडी, मग बाहेरची हॉटेलं असलेल्या किसिमीच्या १९२ नंबरच्या हायवेवरचे सिग्नल. खोलीत पाय ठेवेपर्यंत तास-सव्वा तास सहज जातो. परत यायला तितकाच, वर तपासणीची रांग पुन्हा. एवढा उपद्व्याप कोण करणार? कुणीच करत नाही. मग आजी-आजोबांना सावलीतला बाक शोधून दिला जातो. "तुम्ही इथेच बसा हं, आम्ही दोन राइड्स करून आलोच." माणशी शंभराच्या वर डॉलर मोजून आणलेल्या माणसांनी स्ट्रोलर आणि पिशव्या राखत बसायचं, हे मला अजिबात पटत नाही. त्यांनी तक्रार केली नाही म्हणून ते चालतं असं नव्हे. आपली आई-वडिलांची पिढी तक्रार करत नाहीच.

डिस्नेच्या हॉटेलांच्या बसेस मात्र मॅजिक किंग्डमच्या दाराशीच लागतात. तळं ओलांडायचं नाही, गाडी शोधायची नाही. काँटेम्पररी हॉटेलातून तर दहा मिनिटांत चालत जाता येतं. पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन मोनोरेलवरच आहेत. ही तिन्ही महागडी, हे मान्य. पण पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, ऑल-स्टार यांसारखी स्वस्त गटातली हॉटेलंही आहेत आणि माझा सगळा युक्तिवाद त्यांच्यासाठीच आहे. ऐषारामासाठी पैसे मोजा असं मी म्हणत नाही. खोली साधीच घ्या, पण दुपारी गाठता येईल अशी घ्या.

हॉटेल आणि पार्क यांचं हे नातं डिस्नेच्या इतिहासातच आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेंकडे जागा होती साधारण १६० एकर. बघता बघता भोवती मोटेलांची रांग उभी राहिली. डिस्नेलँड हॉटेल म्हणून जे उभं राहिलं, तेही दुसऱ्याच्या मालकीचं होतं, कंपनीच्या ताब्यात ते आलं थेट १९८८ मध्ये. त्या अनुभवानंतर फ्लोरिडात त्यांनी २५ हजारांहून अधिक एकर जमीन गुपचूप विकत घेतली आणि १९७१ मध्ये मॅजिक किंग्डम सुरू झालं ते स्वतःच्या हॉटेलांसकट. पण एवढ्या मोठ्या जमिनीमुळे 'आत' असणं म्हणजे 'जवळ' असणं राहिलं नाही. ऑल-स्टारपासून मॅजिक किंग्डम काही मैलांवर आहे आणि तिथून कुठेही जायचं तर बसच. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनला २०१९ पासून स्कायलायनरचे पाळणे आहेत. ते वाटेत एकदा बदलून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या डिस्नेच्या इतर पार्कांकडे नेतात, फक्त विजा कडाडू लागल्या की थांबतात. थोडे पैसे जास्त पडले तरी मी ऑल-स्टारऐवजी या दोनांपैकी एक सुचवीन. ऑफिसच्या दौऱ्यांमुळे मॅरियटचे पॉइंट्स साठलेले असतील, तर स्वान आणि डॉल्फिन ही हॉटेलं बघाच. चालवते मॅरियट, पण जागा डिस्नेच्या आवारात. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज दोन्हीकडे पायी जाता येतं आणि लवकर प्रवेशाची सवलतही मिळते. रिसॉर्ट फी आणि पार्किंगचे पैसे तेवढे वेगळे पडतात.

डिस्नेच्या हॉटेलांत मिळणाऱ्या सवलतींबद्दल जुने सल्ले मात्र विसरा. विमानतळावरून नेणारी फुकट बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. आता राहिलंय ते असं: चारही पार्कांत रोज अर्धा तास आधी प्रवेश, लांब रांग टाळायच्या लायटनिंग लेनचं आरक्षण सात दिवस आधी (बाहेरच्यांना तीनच दिवस) आणि पार्किंग मोफत. पार्कातल्या पार्किंगचे रोजचे ३०-३५ डॉलर वाचतात. बाहेरच्या हॉटेलाचा दर बघताना त्यात हे पार्किंग आणि हॉटेलाची रिसॉर्ट फी मिळवा, मगच तुलना करा. व्हिला असेल तर साफसफाईचे पैसेही धरा. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांना रिसॉर्ट फी नाही. फरक उरतो, पण दिसतो तेवढा नाही.

आता आपल्या लोकांचा खरा मुद्दा, स्वयंपाकघर. दोन-तीन कुटुंबांनी मिळून पोहण्याच्या तलावासकट मोठं घर घ्यायचं, कुकर आणि मिसळणाचा डबा गाडीत टाकायचा, की झालं. मला या बेतातली मजा कळते. पण रात्री दहाला घरी परतल्यावर खिचडी कोण टाकतं आणि सकाळी सहाला उठून पोळ्या कोण लाटतं, याचं उत्तर प्रत्येक घराने प्रामाणिकपणे द्यावं. बहुतेक ठिकाणी ते काम त्याच दोन-तीन बायकांकडे जातं, ज्या वर्षभर घरी तेच करतात. त्यांची सुट्टी कधी? डिस्नेच्या पार्कांत बाहेरचं खाणं नेऊ देतात, फक्त ते गरम करावं लागणारं नको आणि काचेची बरणी नको. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी हे सगळं चालतं. स्वस्त खोल्यांत फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह खाली फूड कोर्टमध्ये मिळतो. एखाद्या संध्याकाळी अ‍ॅनिमल किंग्डम लॉजच्या साना या रेस्टॉरंटमध्ये जा. भारतीय रोट्या, तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या आणि खिडकीबाहेर चरणारे जिराफ. तिथल्या खोलीचं भाडं न भरताही हे मिळतं, टेबल मात्र आधी राखून ठेवावं लागतं.

बाहेर राहणं योग्य असे प्रसंग आहेत आणि ते मी नाकारत नाही. आजोबांचं पथ्य इतकं कडक असेल की घरच्या जेवणाला पर्यायच नाही, तर स्वयंपाकघर हवंच. मुलं हायस्कुलात असतील, सकाळी आठ ते रात्री अकरा न थकता पळणारी, तर दुपारची खोली रिकामीच राहील, मग किसिमीचं हॉटेल उत्तम. आठवडाभर जाऊन पार्क दोनच दिवस करायचा असेल, तरीही घर घ्या. आणि सहा माणसं असतील तर डिस्नेत दोन खोल्या किंवा फॅमिली स्वीट घ्यावा लागतो, तिथे माझा हिशेब खरंच डगमगतो.

ओरलँडोतच डिस्नेबरोबर अनेक जण युनिव्हर्सलच्या पार्कांनाही जातात, तिथे गणित वेगळं आहे. तिथल्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहिलं की दोन जुन्या पार्कांसाठी रांग टाळणारा एक्सप्रेस पास खोलीच्या भाड्यातच मिळतो. तो चेक-इनच्या दिवसापासून चेक-आउटच्या दिवसापर्यंत चालतो, म्हणजे एका रात्रीत दोन दिवस. गर्दीच्या मोसमात हाच पास माणशी शंभर डॉलरच्या पुढे जातो. चौघांचं कुटुंब असेल तर ती एक रात्र महाग नाहीच. २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्काला मात्र तो चालत नाही.

पैसे मर्यादित आहेत हे सगळ्यांचंच खरं. म्हणून माझी सूचना अशी की काटछाट दिवसांत करा. पाच रात्री बाहेर आणि चार दिवस पार्क, यापेक्षा तीन रात्री आत आणि दोन दिवस पार्क. प्रत्येक कमी केलेल्या दिवसामागे घरातल्या सगळ्यांची तिकिटं वाचतात आणि खोल्यांतला फरक त्यातून भरून निघतो. येत्या उन्हाळ्याचं बुकिंग ज्यांना करायचं आहे त्यांना कळकळीची विनंती: आई-बाबा किंवा सासू-सासरे बरोबर येणार असतील, तर तिकिटांच्या आधी खोली ठरवा, आणि ठरवताना दुपारी अडीच वाजता ते दोघं कुठे असतील हे त्यांनाच विचारा.