पणजोबांचा कागद कोणी शोधायचा?

"पणजोबांचा पुरावा आणा," असे खिडकीतला बाबू सहज सांगतो. जणू पणजोबा किराणा दुकानात मिळतात!

यवतमाळ जिल्ह्यात आयुष्यभर मास्तरकी केली, म्हणून जात पडताळणीचे कागद घेऊन लोक अजून माझ्याकडे येतात. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा कागद लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचा. बरे, हे कागद लिहिले कोणी? कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद सरकारची. दाखल-खारीज रजिस्टर शाळेचे. पेरेपत्रक तलाठ्याचे. म्हणजे लिहिले यांनी, सांभाळायचे यांनी आणि शोधून आणायचे कोणी? तर रोजमजुरी बुडवून तहसिलीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बापाने!

ज्यांच्याकडे शेती होती, शाळा होती, त्यांची वंशावळ जमते. त्र्यंबकेश्वरी गेलेल्यांची नावे तिथल्या पुरोहिताच्या वहीतही सापडतात. पण पोडावरच्या कोलामाचे काय? जमीन नाही म्हणून पेरेपत्रक नाही, शाळा नव्हती म्हणून दाखला नाही. गंमत पाहा, १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना गुन्हेगार ठरवले त्यांच्या नोंदी मात्र सरकारने चोख ठेवल्या होत्या. हजेरी घ्यायला आजोबा सापडत होते, नातवाला दाखला द्यायला तेवढे सापडत नाहीत!

कोणी म्हणेल, पडताळणी नसेल तर बोगस लोक घुसतील. अगदी खरे. खऱ्या आदिवासींच्या नोकऱ्या बोगस दाखल्यांनी खाल्ल्याच आहेत. पडताळणी हवीच. पण पडताळणी करणे वेगळे आणि शोधाचे ओझे गरिबाच्या डोक्यावर टाकणे वेगळे.

आणि सरकारला शोधता येत नाही असेही नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. मग तहसिलींतले गठ्ठे सुटले, मोडी वाचणारे मिळाले, सापडलेल्या नोंदी लोकांसाठी खुल्या झाल्या. त्यांना मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. माझा प्रश्न एवढाच, की जे मोर्च्यांनी जमते ते पोडावरच्या म्हाताऱ्याच्या एका अर्जाने का जमू नये?

जिल्ह्यातले प्रत्येक कोतवाल बुक आणि दाखल-खारीज रजिस्टर वाळवी लागण्यापूर्वी स्कॅन करा. मोडी वाचणारा माणूस कायमचा नेमा. अर्ज आला की शोध कार्यालयानेच घ्यावा, आणि पान फाटले किंवा हरवले असेल तर तसे लेखी द्यावे. हरवलेल्या पानाची शिक्षा नातवाला नको.