उभ्या गाडीची भूक

मोटार विकत घेताना माणूस ती किती पळते हे विचारतो, पेट्रोल किती खाते हे विचारतो. ती किती दिवस नुसती उभी राहू शकते, हे मात्र कोणी विचारत नाही. खरे पाहिले तर शहरातल्या घरच्या गाडीचे आयुष्य पळण्यापेक्षा उभे राहण्यातच अधिक जाते. कोणाचे आईवडील नातवंडांचे कौतुक करायला सहा महिने परदेशी जातात, कोणाची गाडी फक्त लग्नकार्यापुरती बाहेर निघते, तर हौसेने स्पोर्ट्स गाडी बाळगणाऱ्यांना जून लागला की ती झाकून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. जमिनीला टेकायला आलेली ती ठेंगणी गाडी मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यात घालणार कोण? थंड देशांत बर्फ पडू लागला की अशा गाड्या झोपी जातात. आपल्याकडे पाऊस पडू लागला की झोपतात, एवढाच फरक.

चार महिन्यांनी खोळ काढून मोठ्या उमेदीने चावी फिरवावी, तो आतून ‘टक्’ एवढाच आवाज येतो आणि सारे शांत! २०२० सालच्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, तेव्हा दोन महिन्यांनी हा ‘टक्’ किती घरांनी ऐकला असेल याची गणतीच नको. दसऱ्याच्या दिवशी झेंडूचा हार घातलेली गाडी हलेना, तर फार तर हसे होईल. पण रात्री दोन वाजता सूनबाईंना कळा सुरू व्हाव्यात आणि दारची गाडी मुकी राहावी, हा प्रसंग हसण्यावारी नेण्याजोगा नाही. म्हणून आज या सदरात बॅटरीचा विचार करू.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती अशी, की गाडी विश्रांती घेते तेव्हा बॅटरी विश्रांती घेत नाही. गाडी बंद असली तरी घड्याळ चालू असते, चोरघंटा जागी असते, रिमोटच्या हाकेला ओ देण्यासाठी कुलूप कान टवकारून बसलेले असते. ही सारी मंडळी मिळून साधारण तीस मिलिअँपिअर वीज खातात असे धरू. आकडा क्षुल्लक दिसतो. पण दिवसाचे चोवीस तास आणि महिन्याचे तीस दिवस असा गुणाकार केला की साडेएकवीस अँपिअर-अवर होतात. घरगुती गाडीची बॅटरी पंचेचाळीस अँपिअर-अवरची असली, तर जवळजवळ निम्मी बॅटरी महिन्यात फस्त! गळक्या नळाखाली बादली भरते ना, तसाच हा प्रकार, फक्त उलटा. थेंबे थेंबे तळे रिते!

शिवाय बॅटरी काही न जोडताही आपोआप थोडी थोडी उतरते. उष्णता दहा अंशांनी वाढली की हा वेग सुमारे दुप्पट होतो. तेव्हा नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीची काय अवस्था होत असेल, ते सांगायला नको.

बॅटरी उतरली तर पुन्हा भरता येईल, त्यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. मोठेसे आहे ते असे. फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने १८५९ साली शिशाच्या पत्र्यांची आणि गंधकाम्लाची ही बॅटरी बनवली, आणि बहुतेक गाड्यांत आजही मूळ तत्त्व तेच आहे. बॅटरी उतरू लागली की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. पण आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर त्याचे टणक खडे होतात, आणि मग ते हटता हटत नाहीत. म्हणजे उपाशी ठेवलेल्या बॅटरीची भूकच मरते. चार वर्षे टिकणारी बॅटरी दोन-तीन वेळा अशी पूर्ण उतरली की लवकरच बाद होते. हा खर्च अगदी टाळण्याजोगा आहे.

आता यावर आपल्याकडे एक उपाय घरोघर चालतो. “वॉचमनला सांगून ठेवलंय, रोज पाच मिनिटं गाडी चालू करतो.” हा उपाय म्हणजे उपवासाला शेंगदाण्याचे दोन दाणे! महिन्याभरात गेलेली वीज उभ्या उभ्या पाच मिनिटांत भरून येत नाही. त्यातून वॉचमनने पंखा-रेडिओ लावला असेल तर विचारूच नका. वर इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे धुराबरोबर निघालेली पाण्याची वाफ नळीतच साचून गंज धरते. आणि बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणे तर जिवावरचे काम. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही. गाडी चालवायचीच तर आठवड्यातून एकदा चांगली अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवावी.

ते शक्य नसेल तर दोनच खरे मार्ग उरतात: बॅटरीला खाणारी तोंडे बंद करा, नाही तर तिला बेताबेताने खाऊ घालीत राहा.

पहिला मार्ग बिनखर्चाचा. बॅटरीच्या मायनस टोकाची तार पान्याने सोडवून बाजूला ठेवावी. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस, हा नियम पाठच करावा. नाही तर पाना गाडीच्या पत्र्याला टेकून ठिणगी उडते. तार काढल्यावर घड्याळ आणि रेडिओ नव्याने लावावा लागतो, आणि रिमोटने दार उघडत नाही. म्हणून साध्या चावीने दार उघडते की नाही, हे आधीच पाहून ठेवावे. गाडीबरोबर मिळालेले पुस्तक कपाटात पडलेले असते. त्यातले बॅटरीचे पान या निमित्ताने वाचून काढावे. पण तार काढली तरी आपोआप उतरणे थांबत नाही, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी चार्जिंग हवेच.

दुसरा मार्ग बॅटरी सांभाळणाऱ्या चार्जरचा. कित्येक महागड्या स्पोर्ट्स गाड्यांबरोबर कंपनीच असा चार्जर देते, यावरून त्याची गरज कळावी. तो बॅटरी भरेपर्यंत जोर लावतो आणि भरली की हात आखडता घेऊन साडेतेरा व्होल्टच्या आसपास नुसती धुगधुगी राखतो. जुन्या पद्धतीचा साधा चार्जर मात्र महिनाभर जोडून ठेवू नये. त्याला थांबणे ठाऊक नसते. पाणी आटते आणि हायड्रोजन वायू साचतो. पोर्शे कंपनीने २००९ साली वजन वाचवण्यासाठी लिथियमच्या बॅटरीचा पर्याय जाहीर केला. तशा बॅटरीला तिच्यासाठीच बनवलेला चार्जर लागतो. स्पोर्ट्स गाडीवाल्यांना आणखी एक सूचना: पोर्शे ९११ च्या कित्येक आवृत्त्यांत बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते आणि ते झाकण उघडते विजेवर. बॅटरी मेली की झाकण उघडेना, आणि झाकण उघडेना म्हणून बॅटरीपर्यंत हात पोहोचेना! तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहावी, तशातली गत. अडचणीच्या वेळी ते कसे उघडावे हे पुस्तकात दिलेले असते. ते आधीच वाचावे.

आपल्या इमारतींत गाडीपाशी प्लग नसतो, ही खरी अडचण. म्हणून कोणी तिसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडतात. पावसाळ्यात हा खेळ मुळीच करू नये. त्यापेक्षा मायनस तार काढणे आणि अधूनमधून मिस्त्रीकडून बॅटरी भरून आणणे बरे.

भूक किती लागली हे कळायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजावे. १२.६ व्होल्ट म्हणजे पोट भरलेले, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मे, आणि १२ च्या खाली म्हणजे उपासमार. १२.४ दिसले की चार्ज करावे. ‘टक्’ होण्याची वाट पाहू नये.

एवढे करूनही बॅटरी बसलीच, तर शेजाऱ्याच्या गाडीवरून वीज घेताना क्रम चुकवू नये. लाल तार आधी मेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी तार चांगलीच्या मायनसला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. काढताना नेमके उलटे. फुगलेल्या, तडकलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीवर हा प्रयोग करू नये.

जुन्या अँबॅसडर-फियाटच्या काळी चार पोरे हाक मारून बोलावली, धक्का दिला, की काम भागत असे. आजच्या आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या धक्क्याला दाद देत नाहीत. इतकेच काय, विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींतही बारा व्होल्टची एक धाकटी बॅटरी असते, आणि ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत गावी निघण्यापूर्वी गॅस बंद केला का, नळ बंद केले का, असे आपण घरभर फिरून पाहतो, त्यात एक प्रश्न वाढवावा: गाडीच्या बॅटरीची काय व्यवस्था? चार-आठ दिवसांसाठी काही करायला नको. महिन्यावर मुक्काम असेल तर मायनस तार काढूनच कुलूप लावावे.