धवळ्यांचा हंगाम

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात महदंबेच्या धवळ्यांना मानाचे स्थान आहे. तेराव्या शतकातील ही महानुभाव कवयित्री मराठीची आद्य कवयित्री मानली जाते आणि श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावरील तिची गीते आपल्या भाषेच्या पहिल्या काव्यधनात मोजली जातात. धवळा म्हणजे विवाहप्रसंगी गायचे गीत, अशी व्याख्या विद्यार्थी पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. हाच विद्यार्थी पनवेल-उरण पट्ट्यातील आगरी कुटुंबातला असेल, तर त्याच्या आजीचे लग्न धवलारिणीच्या गाण्यानेच लागलेले असते. पुस्तकातील धवळा आणि घरातील धवळा हे एकाच कुळातले आहेत, हे मात्र त्याला बहुधा कोणी सांगत नाही.

पनवेल तालुक्यातील गव्हाण हे खाडीकाठचे असेच एक गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी गव्हाणच्या शेजारच्या जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण दिले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. जमिनीचा मोबदला किती, यावर चार दशके वाद चालला आणि तो रास्तच होता. पण भातशेती गेली तेव्हा तिच्याबरोबर तिचे पंचांगही गेले. त्या पंचांगाला बांधलेल्या गाण्यांचा मोबदला कोणत्याच तक्त्यात धरलेला नव्हता.

हंगाम हा आपला शब्द शेतीचा. आज मोठ्या विद्यापीठांची कलाकेंद्रे तोच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे क्रॅनर्ट केंद्र १९६९ साली सुरू झाले. अशा केंद्रांत वर्षभराच्या नाट्य, नृत्य आणि संगीताच्या प्रयोगांचे वेळापत्रक आधीच जाहीर होते आणि विद्यार्थ्यांच्या बरोबरीने गावकरीही तिकीट काढून येतात. कल्पना चांगली आहे. पण कोकणाला ती नवी नाही. पीक कापणीला आले की वारल्यांचा तारपा वाजू लागतो, कार्तिकानंतर सिंधुदुर्गात दशावतारी मंडळे जत्रांच्या वाटेला लागतात, शिमग्याला नमन-खेळे येतात, जव्हार-मोखाड्यात मुखवट्यांचा बोहाडा रंगतो आणि गणपतीत जाखडी नाचते. लग्नसराईत धवळे. हा सारा हंगाम गावाने ठरवलेला होता आणि त्याला तिकीट नव्हते.

योगायोग असा की पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा हा संपूर्ण पट्टा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. इतक्या विविध प्रयोगकलांचे माहेर एका विद्यापीठाच्या सीमेत असावे, हे भाग्य थोड्यांनाच लाभते. या विद्यापीठाने २००४ साली लोककला अकादमी सुरू केली, हे त्याचे मोठेपण. गोंधळ, भारूड आणि तमाशा यांना पदवीच्या दारात बसवणे सोपे नव्हते. नाके मुरडणारे तेव्हाही होते. पुणे विद्यापीठातील ललित कला केंद्राने १९८७ पासून गुरूजवळ बसून शिकण्याची जुनी रीत विद्यापीठीय चौकटीत आणून दाखवली. म्हणजे वाट अनोळखी नाही.

धवळ्यांची अडचण मात्र वेगळी आहे. दशावतार मुळात प्रयोगच असल्याने तो रंगमंचावर शोभतो. धवळा हा संस्कार आहे. मांडव घालताना, हळद लावताना, देवदेवतांना आमंत्रण देताना, प्रत्येक विधीचे गाणे ठरलेले असते आणि कोणत्या क्षणी काय करायचे हे त्या गाण्यातूनच उलगडते. पूर्वी अनेक ठिकाणी लग्न धवलारीणच लावीत असे. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीला समाजाने पौरोहित्याचा मान दिला होता, ही गोष्ट हिंदू समाजरचनेविषयी ठरीव मते बाळगणाऱ्या उभय बाजूंच्या विद्वानांनी नीट पाहावी अशी आहे. हा विधी उचलून एकाच रंगाच्या साड्या, लाल-निळे दिवे आणि आठ मिनिटांची वेळ अशा साच्यात घातला की टाळ्या मिळतात, धवळा मिळत नाही. युवा महोत्सवांतील कित्येक लोकनृत्यांचे हेच झाले आहे.

म्हणून हंगाम भरवायचा तर तो कलिन्याच्या सभागृहापुरता नको. त्याचे काही दिवस गव्हाणसारख्या गावांत, देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या पटांगणात जावेत. धवलारिणीला पाहुणी कलावंत म्हणून शाल-श्रीफळ देऊन परत पाठवण्यापेक्षा तिला मानधनावर शिक्षिका म्हणून बसवावे. तिच्याकडे पदवी नाही, ही सबब आता चालणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये स्थानिक कलावंतांना निवासी कलावंत म्हणून शिक्षणसंस्थांत घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. आगरी बोलीतील शब्द, चाल आणि विधींचा क्रम एकत्र ध्वनिमुद्रित व्हावा. नुसते शब्द छापून चालणार नाही. महदंबेच्या धवळ्यांचे शब्द आपल्याकडे आहेत, त्यांचा कंठ नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे दाखले आपण अभिमानाने पुढे केले. त्यांतल्या एका काव्यप्रकाराच्या गायिका आज हयात आहेत आणि त्यांचे वय झाले आहे.

विद्यापीठाला चार शब्द सुनावणे सोपे आहे. मध्यमवर्गीय घरांचे काय? भूखंडाचा पैसा आला तशी हळदीच्या रात्री डीजेची भिंत उभी राहिली, अशी टीका आगरी समाजावर सर्रास होते. ती करणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी मात्र चित्रपटात पाहून उचललेली संगीत रजनी असते आणि त्यासाठी नृत्यदिग्दर्शक पैसे देऊन बोलावलेला असतो. मंगलाष्टके फितीवर, ओव्या कुणालाच येत नाहीत. आगरी तरुणांनी मराठी नाटकाची आणि भजनाची गोडी टिकवून ठेवली आहे, हे त्यांच्या गावांत जाणारा कोणीही पाहू शकतो. त्यांना उपदेश नको, सोबत हवी.

अटल सेतूमुळे मुंबई आणि गव्हाण यांच्यामधली खाडी आता काही मिनिटांची उरली आहे. तुळशीची लग्ने उरकली की पनवेल-उरणात मांडव पडू लागतात. विद्यापीठाचे दुसरे सत्रही त्याच सुमारास सुरू होते.